ताबा कोणाचा

मी भित्री बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी इतकी घाबरलेली दिसेन की वाचणाऱ्याला वाटायचं, हिचा स्वभावच तसा. आमच्या गावात माझ्या तोंडाला माणसं वचकून असतात. रेशनवाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी, खताच्या गोणीमागे जास्तीचे पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी मी भांडलेली आहे, आणि भांडून घरी आल्यावर मला भूकही चांगली लागते. पण त्या वर्षी भादव्यापासून दिवाळी सरेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

माझं माहेर बुलडाण्याचं. वडील कचेरीत कारकून होते. कागदावर असेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, हे मी त्यांच्याकडून लहानपणीच शिकले. लग्न होऊन मोताळ्याजवळच्या या गावात आले, आणि इथे सगळा कारभार तोंडी. कोणाची गाय कोणाकडे, कोणाचं पाणी कोणत्या पाळीला, सगळं शब्दावर. सुरुवातीला मला त्याची मौज वाटायची.

आमचं घर ज्या दोन वावरांच्या भानगडीत अडकलं, त्यांची गोष्ट अशी. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, आणि त्यांचे एक चुलतभाऊ यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी आपापली वावरं बदलून घेतली. मामाजींचं वावर रस्त्याला लागून होतं आणि चुलतभावाचा गोठा त्याला चिकटून. चुलतभावाचं वावर नाल्याकाठी, आणि आमचं दुसरं शेत त्याच्या शेजारी. दोघांनाही रोज अर्धा कोस पायपीट. दोन्ही वावरं चार-चार एकरांचीच. मग दोघं एका सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले, नारळ फोडला, एका शिदोरीत जेवले, एकमेकांच्या वावरातली माती कपाळाला लावली आणि बैलजोड्या बदललेल्या वावरात घातल्या. झाली अदलाबदल. सातबारा होता तसाच राहिला. म्हणजे रस्त्याचं वावर कागदावर आमचं आणि वाहतात, म्हणजे कसतात, ते, नाल्याकाठचं कागदावर त्यांचं आणि वाहतो आम्ही.

पुढे ते चुलत सासरे वारले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, आणि त्याची बायको त्या रस्त्याच्या वावरात दोन खोल्या बांधून राहायला गेले, पिठाची चक्की टाकली. आम्ही नाल्याकाठी विहीर खोदली, मोटर बसवली, मका आणि कापूस घ्यायला लागलो. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. जाऊ माझ्याहून लहान, मला बाई म्हणायची, आणि चक्कीवर दळण नेलं की पैसे घ्यायची नाही.

इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, येणार कुठून? तलाठी चावडीत बसूनच काय पेरलं ते विचारायचा आणि लिहून घ्यायचा. दुष्काळाची मदत आली तर चार एकराला जेवढी यांना तेवढीच त्यांना. कोणाच्या नावाची कोणाकडे गेली, हे पाहायची वेळच आली नाही. मला स्वतःला हे लग्नानंतर बारा वर्षं माहीत नव्हतं. फोनवरची पीक पाहणी निघाली नसती तर अजूनही नसतं.

आता प्रत्येकाने स्वतःच्या वावरात उभं राहून फोनवर गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ती केली नाही तर पुढे मदत मागताना अडचण. आमच्या घरात हे काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या ह्यांना फोन म्हणजे फक्त बोलायचं यंत्र वाटतं. मी नाल्याकाठच्या मक्यात उभी राहिले, नाव टाकलं, गट निवडला. फोन म्हणाला, तुम्ही निवडलेल्या गटापासून लांब आहात. मी दहा पावलं पुढे गेले, वीस पावलं मागे गेले, विहिरीच्या काठावर चढले. फोन तेच म्हणतो. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि घरी येऊन मामाजींना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, बरोबर सांगते तो, आपलं वावर तिकडं रस्त्यावर हाय.

मग त्यांनी ती नारळाची आणि शिदोरीची हकीकत सांगितली, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे सरकलीच की हो, ती आमची नव्हतीच. मी त्यांना विचारलं, कागद का नाही केला? ते म्हणाले, भावाभावात कागद कायले लागते. कारकुनाच्या पोरीला हे ऐकून चक्कर यायची बाकी होती.

नोंदीची मुदत दोन दिवसांवर आली होती. मी कोणाला काही बोलले नाही. भर दुपारी, जेव्हा माणसं जेवून आडवी होतात, तेव्हा रस्त्याच्या वावरात गेले. जाऊबाईच्या घराच्या मागच्या बाजूला त्यांची कापसाची पऱ्हाटी कमरेइतकी झाली होती. तिच्यात उभी राहून गट नंबर टाकला. फोन एका झटक्यात हो म्हणाला. फोटो काढला, पीक कापूस, चार एकर, आमच्या नावावर नोंद. पाच मिनिटांचं काम. परत येताना मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटत होतं. हीच माझी चूक. आमच्या गावात ही चूक करायला माझ्यासारखीच पाहिजे होती, कागदावर जीव असणारी.

त्यानंतर पाऊस लागला. सोडतच नव्हता. एके दिवशी नाला फुगला आणि आपली वाट सोडून आमच्या मक्यातून गेला. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर निम्म्या वावरातली काळी माती गेलेली, खाली मुरूम आणि गोटे उघडे पडलेले. विहीर गाळाने भरलेली. मामाजींनी वाकून एक गोटा उचलला आणि परत तिथेच ठेवला. तलाठी आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले. खरडून गेलेल्या जमिनीला मदत वेगळी आणि जास्त असते, असं कळलं. त्या पैशात गाळ उपसता आला असता, माती टाकता आली असती.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. मी बायकांच्या मागून वाकून वाचत होते. खरडलेल्या जमिनीखाली नाव होतं माझ्या दिराचं. आमचं नाव कुठेच नव्हतं. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, काय वो, वावर तुमचं आन् गेलं त्यायचं? लोक हसले. मी काहीतरी उलट बोलले असेन, आठवत नाही. हे मात्र आठवतं की घरी चालत येताना माझे हात गार पडले होते.

भीती पैशाची नव्हती, हे माझ्या त्या संध्याकाळीच लक्षात आलं. पैसे गेले तर गेले. पण आता साऱ्या गावाने भिंतीवर वाचलं होतं की नाल्याकाठचं वावर दिराचं आहे. त्याने उद्या येऊन म्हटलं, निघा, तर आम्ही काय दाखवणार होतो? नारळ? विहीर आमची, मोटर आमची, मका आमचा, आणि जमीन त्याची. आमच्या घराचा अर्धा दाणा त्या वावरातून येतो. माझ्या मुलीची फी त्याच्यातून जाते. आणि शब्द देणारा चुलतभाऊ तर कधीच गेला होता. राहिले एकटे मामाजी, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

हे म्हणाले, जाऊन विचारतो त्याले. मामाजींनी अडवलं. म्हणाले, आपण पैसे मागितले की त्याच्या डोक्यात जमीन येईन, तोंड बंद ठेवा. मी वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कारकुनासारखं विचारलं, रस्त्याचं वावर कोणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, आमच्या. ते म्हणाले, मग तुला कसली काळजी? रस्त्याच्या जमिनीचा भाव नाल्याकाठच्या चौपट असेल. गप्प बसा. कागद तुमच्या बाजूने आहे.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मी त्या वावराचा विचार केला. रस्त्याच्या कडेने दुकानाचे गाळे निघतील. चक्कीची जागा मोक्याची आहे. मुलगी शिकायला छत्रपती संभाजीनगरला जाईल. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा मी भानावर आले. एका भाकरीएवढाच वेळ तो, पण मी तो विचार केला, आणि मला तो गोड लागला. त्यानंतर माझी भीती दुप्पट झाली. माझ्यासारख्या बाईच्या मनात हे येतं, तर दिराच्या मनात का नाही येणार?

आणि दिसतही तसंच होतं. दीर आमच्याकडे यायचा बंद झाला. रस्त्यात समोर आला तर गाडीचा वेग वाढवायचा. दळण घेऊन गेले तर जाऊ दारामागे उभी राहून म्हणाली, चक्की बिघडली. पण मागच्या बाजूला पट्टा फिरल्याचा आवाज मला चांगला ऐकू येत होता. एरवी मी तिथेच तिची हजेरी घेतली असती. त्या दिवशी डबा उचलला आणि मुकाट्याने परत आले. मग गावात कोणीतरी सांगितलं, तुमचा दीर सेतू केंद्रात जाऊन तासभर बसला होता. पैसे मिळण्याआधी तिथे अंगठा द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं. हे जेवणावरून उठून गेले. मामाजी रोज सकाळी काठी टेकत नाल्यावर जायचे आणि गाळ भरलेल्या विहिरीपाशी बसून राहायचे. मला वाटायचं, एखाद दिवशी तिथेच त्यांचा जीव जाईल.

दिवाळीनंतर कोतवाल दारात आला. म्हणाला, उद्या सकाळी मंडळ अधिकारी साहेब आणि तलाठी नाल्याकाठच्या वावरात येत आहेत, सगळ्यांनी हजर राहा. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, तुमच्या भाऊजीनं अर्ज देला, ताब्याबद्दल. अर्जात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. ताबा हा एकच शब्द घेऊन आम्ही चौघं, आम्ही दोघं, मामाजी आणि माझी मुलगी, त्या दिवशी घरात बसलो. मी मोटरच्या लाइटबिलांची पिशवी काढली. बारा वर्षांची बिलं होती. ती मी तारखेप्रमाणे लावली, परत पिशवीत घातली, परत काढली. मुलीने विचारलं, आई, आपल्याला काढून टाकतील का? मी तिच्यावर खेकसले. तिने खाली पडलेलं एक बिल उचलून माझ्यापुढे ठेवलं.

सकाळी वावरात गेलो तेव्हा दीर आणि जाऊ आधीच येऊन उभे होते. धुऱ्याच्या शेजारचे दोन शेतकरी साक्षीला बोलावलेले. साहेब तरुण होते, बूट चिखलाने भरलेले. तलाठ्याने कागद काढला. साहेबांनी विचारलं, या जमिनीवर ताबा कोणाचा?

मी आयुष्यभर तोंड चालवलं, आणि त्या क्षणी माझी जीभ टाळूला चिकटली. पिशवी छातीशी धरली होती, बोटं सुटेनात. मग दीर बोलला. माझ्याकडे न बघता, साहेबांना.

"ताबा त्यायचा हाय, साहेब. माह्या बापानं बदलून देलं होतं. ते पैशे आले, पण म्या अंगठा नाही देला. वावर त्यायचं खरडलं, मी कायले पैशे घेऊ?"

सेतूवाल्याकडे तो तासभर बसला होता तो हेच विचारायला, की दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर आले तर परत कसे फिरवायचे. सेतूवाल्याने त्याला सांगितलं, की एकमेकांच्या जमिनी बारा वर्षांवर वाहत असाल तर थोड्या खर्चात अदलाबदलीचा कागद करून मिळतो, आधी ताब्याचा पंचनामा मात्र व्हावा लागतो. त्यासाठी तो अर्ज. मला रडू आलं. मी पदर तोंडात कोंबला आणि रडले, लाज सोडून. मामाजी दिराजवळ गेले आणि त्याचा दंड धरून उभे राहिले. मला वाटलं, सुटलो. आता घरी जाऊन पोटभर जेवायचं.

पण पंचनामा दोन्ही वावरांचा होता. सगळे रस्त्याच्या वावरात गेलो. तिथे साहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि मामाजींनी खणखणीत आवाजात सांगितलं, ताबा माह्या पुतण्याचा. साक्षीदारांनीही तेच सांगितलं. तलाठी लिहीत होता. मध्येच थांबला, फोनवर काहीतरी पाहिलं आणि साहेबांच्या पुढे धरलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, ह्या गटावर तर यंदाची कापसाची नोंद तुमच्या नावाने आहे, इथे उभं राहून काढलेल्या फोटोसकट. पीक तुम्ही घेता असं तुम्हीच लिहून दिलंय. मग यांचा ताबा कसा धरायचा?

मामाजींना काही कळेना. हे माझ्याकडे बघू लागले. दीर जमिनीकडे बघत होता. आणि जाऊ माझ्याकडे बघत होती, घराच्या पायरीपाशी उभी राहून, दोन्ही हात पोटाशी घट्ट बांधून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा मी ओळखत होते. महिनाभर तोच मी आरशात बघितला होता. तेव्हा मला कळलं की ही बाई मला घाबरते आहे. साहेबांना नाही, कागदाला नाही. मला.

खोटी नोंद केली म्हटलं तर माझ्यावर काय होईल हे मला माहीत नव्हतं. गुन्हा होईल, दंड होईल, यापुढे आम्हाला कसली मदत मिळणार नाही, सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. आणि खरं सांगते, वडिलांचा आवाजही येऊन गेला, गप्प बसा म्हणणारा. मी गप्प बसले असते तर पंचनामा तिथेच अडकला असता.

"नोंद म्या केली," मी म्हणाले. मी माहेरची शहरी भाषा विसरून इथलीच बोलत होते. "हा कापूस त्यायचा हाय. एक बोंडही आमचं नाही. मी नुसती फोन घेऊन उभी होती."

साहेब माझ्यावर ओरडले, आणि बरोबरच ओरडले. मग तलाठ्याला म्हणाले, लिहा, सदर नोंद चुकीने झाल्याचं खातेदाराच्या सुनेने कबूल केलं. माझी सही घेतली. सही करताना अक्षर इतकं वाकडं आलं की तलाठ्याने दुसऱ्यांदा करायला लावली.

साहेब गेले. पुरुषमंडळी रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेली. जाऊने मला आत बोलावलं आणि चहा टाकला. तिच्या स्वयंपाकघरात नेहमीची भांडी फळीवर नव्हती. कोपऱ्यात दोन पोती तोंड बांधून ठेवलेली होती, आणि एकातून परातीची कड बाहेर आली होती. मी बघते आहे हे तिने पाहिलं.

म्हणाली, "त्या दुपारी मी खिडकीतून पाह्यलं तुमाले, पऱ्हाटीत फोन घेऊन उभं. घर कागदावर तुमचं हाय हे आमचे मामंजी मरताना सांगून गेल्ते. तवापासून भांडी बांधून ठेवली मी. चक्की कशी नेता येईन, तेवढंच समजत नव्हतं."

दीर का यायचा बंद झाला, चक्की का बिघडली, गाडी का पळायची, सगळं माझ्यापुढे एकदम उभं राहिलं. आम्ही त्यांना घाबरून घरात बसलो होतो आणि ते आम्हाला घाबरून भांडी बांधत होते. आणि त्याची सुरुवात माझ्या त्या पाच मिनिटांपासून झाली होती. मी तिला मुदतीचं सांगितलं, फोनचं सांगितलं, मला दुसरा मार्ग दिसला नाही हे सांगितलं. ते सगळं खरं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि चहा गाळता गाळता विचारलं.

"बाई, खरं सांगा. आमाले इथून उठवाचं तुमच्या मनात कधी आलं होतं का?"

"नाही गं," मी म्हणाले.

ती लगेच हसली. माझ्या हातात कप दिला, पोत्याची गाठ सोडली आणि एकेक भांडं फळीवर लावू लागली. अदलाबदलीचा कागद पुढे रीतसर झाला, विहिरीतला गाळही निघाला. दळणाचे पैसे ती आजही घेत नाही. डबा घेऊन तिच्या दारात उभी राहते तेव्हा, ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल या भीतीने माझे हात अजून गार पडतात.